स्पायरोमीटर कोणता घ्यावा? मुलुंडच्या डॉक्टरांना सविस्तर उत्तर

डॉक्टर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मुलुंडला छातीच्या विकारांचा दवाखाना सुरू करताय. दिवसाला पाच-सहा स्पायरोमेट्री (फुंकून फुफ्फुसांची हवा मोजायच्या चाचण्या) होतील असा अंदाज आहे. शिवाय महिन्यातून दोनदा तुर्भ्याच्या कारखान्यांत कामगार तपासायला जायचंय. विक्रेता टर्बाइनचं मशीन दाखवून गेला आणि 'याला कॅलिब्रेशन लागतच नाही' असं म्हणाला. तुमचे सर म्हणतात, न्यूमोटॅक (दाबाच्या फरकावरून हवा मोजणारं मशीन) सोडून कशावर विश्वास ठेवू नकोस. ध्वनीवरून मोजणारं अल्ट्रासॉनिक तुम्हाला आवडलंय, पण महाग वाटतंय. तिन्हींतलं कोणतं घ्यावं, आणि कारखान्यात नुसत्या पीक फ्लो मीटरवर (फुंकण्याचा फक्त सर्वोच्च वेग दाखवणाऱ्या साधनावर) भागेल का, हे तुमचे दोन प्रश्न.

मी परळच्या एका रुग्णालयात तेवीस वर्षं पीएफटी (फुफ्फुसांच्या चाचण्यांची) लॅब सांभाळते. पाण्यावर तरंगणाऱ्या घंटेचा जुना स्पायरोमीटर शिकताना वापरला, पुढे न्यूमोटॅक, टर्बाइन, अल्ट्रासॉनिक, सगळ्यांवर पेशंट फुंकवून घेतले. त्यावरून सांगते. या तिन्ही पद्धती नीट चालत असल्या तर तुमच्या कामाला पुरेशा अचूक आहेत. पण प्रत्येकीची बिघडायची तऱ्हा वेगळी आहे, आणि बिघडल्यावर स्क्रीनवर लाल दिवा लागत नाही. आकडा येतो, रंगीत रिपोर्ट छापला जातो, फक्त तो चुकीचा असतो. म्हणून मशीन निवडताना मी एकच बघते: हे बिघडलं तर माझ्या खोलीत, माझ्या माणसांना, रिपोर्ट पेशंटच्या हातात पडायच्या आधी कळेल का?

आता एकेक घेऊ. टर्बाइनमध्ये हवेने एक हलकं पातं फिरतं आणि इन्फ्रारेड किरण किती वेळा अडला ते मोजून प्रवाह काढतात. मशीन हलकं, स्वस्त, आणि बाष्पाचा त्याला फारसा त्रास नाही. पण पातं कितीही हलकं केलं तरी त्याला वजन आहे. ते हलायला किमान काही प्रवाह लागतो, आणि हवा थांबल्यावरही ते क्षणभर फिरत राहतं. दम्याच्या तरुण पेशंटमध्ये याने काही बिघडत नाही. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या, म्हाताऱ्या माणसाचं मात्र वेगळं. पहिल्या दोन-तीन सेकंदांनंतर त्याची हवा नुसती झिरपत असते, दहा-बारा सेकंद. नेमक्या त्या झिरपण्यात पातं थांबलं, किंवा आसावर केस किंवा थुंकी अडकून जड झालं, तर शेवटची हवा मोजलीच जात नाही. समजा खरा एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा) १.७० लिटर आणि एफव्हीसी (पूर्ण फुंकल्यावर बाहेर आलेली एकूण हवा) २.५० लिटर, म्हणजे दोन्हींचं गुणोत्तर ६८ टक्के. शेवटचे १५० मिलिलिटर हुकले की एफव्हीसी २.३५ होते आणि गुणोत्तर ७२ टक्क्यांच्या वर जातं. गुणोत्तर ०.७० च्या खाली असलं तर श्वासनलिकांत अडथळा धरतात; ती रेघ ओलांडली गेली, अडथळा कागदावरून गेला. ज्याचं निदान व्हायला हवं होतं तो माणूस 'नॉर्मल' घेऊन घरी जातो.

न्यूमोटॅकची चूक उलट्या दिशेची. त्यात हवेच्या वाटेवर बारीक नळ्यांचा जुडगा किंवा जाळी असते. नळ्यांचा प्रकार फ्लाइश यांच्या नावाचा, १९२५ सालचा. जाळीचा लिली यांच्या नावाचा. हवा जाताना दोन बाजूंत दाबाचा जो छोटा फरक पडतो त्यावरून प्रवाह काढतात. जाळीवर ओल धरली किंवा थुंकी बसली की अडथळा वाढतो, तेवढ्याच हवेला दाबाचा फरक जास्त येतो, आणि मशीन समजतं की पेशंटने जास्त फुंकलं. म्हणजे मशीन घाण होत जाईल तसतसा पेशंट 'सुधारत' जातो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. एका जुलैमध्ये आमच्याकडे एकाच सकाळी लागोपाठ तीन पेशंटना ब्रॉंकोडायलेटरनंतर (श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधानंतर) भरघोस सुधारणा दिसली. तिसऱ्याच्या वेळी मला शंका आली, कारण त्या आजोबांचा आदल्या वर्षीचा रिपोर्ट माझ्या लक्षात होता. मी स्वतः फुंकून पाहिलं. दर सोमवारी मी स्वतःचा आकडा वहीत लिहिते; माझी एफव्हीसी वर्षानुवर्षं २.६० च्या आसपास येते. त्या दिवशी आली २.८५. सेन्सर उघडला तर जाळीवर दवासारखे थेंब होते. जाळी गरम ठेवणारा हीटर बंद पडला होता आणि एसी कुणीतरी १९ वर ठेवला होता. श्वास ३७ अंशांचा, बाष्पाने भरलेला. थंड जाळीवर तो चहाच्या कपावरच्या झाकणासारखाच ओला होणार. सकाळी सिरिंजने (ठरावीक हवा ढकलणाऱ्या मोठ्या पिचकारीने) मशीनची तपासणी केली तेव्हा सगळं बरोबर आलं होतं, कारण तेव्हा जाळी कोरडी होती. आठ पेशंट फुंकल्यावर ती ओली झाली. त्या तिन्ही पेशंटना मी दुसऱ्या दिवशी फोन करून परत बोलावलं. दोघांची 'सुधारणा' गेली होती. तेव्हापासून पावसाळ्यात आमच्याकडे दुपारी पुन्हा एकदा सिरिंज लावतात.

तुमचे सर चुकीचं सांगत नाहीत. हीटर चालू असलेला, रोज बघितला जाणारा न्यूमोटॅक हे उत्तम उपकरण आहे, आणि ज्या लॅबमध्ये डीएलसीओसारख्या (फुफ्फुसांतून रक्तात वायू किती शिरतो ते बघणाऱ्या) चाचण्या होतात, स्वतंत्र टेक्निशियन असतो, तिथे मी आजही तोच पसंत करेन. प्रश्न तुमच्या दवाखान्यात ती निगा कोण राखणार हा आहे.

अल्ट्रासॉनिकमध्ये पातं नाही, जाळी नाही. नळीच्या दोन बाजूंनी तिरका ध्वनी सोडतात, एकदा हवेच्या दिशेने आणि एकदा हवेविरुद्ध. दादरच्या पुलावर गर्दीच्या ओघाबरोबर चाललात तर पटकन पार होता, उलट्या दिशेने यायला वेळ लागतो, तसंच. दोन्ही वेळांची तुलना करून प्रवाह काढतात, आणि त्या गणितात ध्वनीचा मूळ वेग गळून जातो. त्यामुळे हवेचं तापमान, बाष्प, वायूंचं मिश्रण यांनी प्रवाहाच्या मापनात फारसा फरक पडत नाही. पेशंट फुंकतो ती नळी वेगळी असते, सेन्सरला थुंकी लागत नाही. मुंबईच्या हवेला हे तंत्र मानवतं, असा माझा अनुभव आहे. याची दुखरी नस म्हणजे ती नळी. ती त्याच कंपनीची लागते, एका पेशंटला एक, आणि पुरवठा अडला की मशीन कपाटात. नळ्या धुऊन पुन्हा वापरायचा मोह दवाखान्यात होतो. तो करू नका. संसर्गाचा धोका तर आहेच, शिवाय वाकलेली किंवा आत थेंब राहिलेली नळी चुकीचं मोजते. विकत घेताना मशीनच्या किमतीबरोबर वर्षाच्या नळ्यांचा खर्च लिहून काढा. दिवसाला सहा धरल्या तरी वर्षाला दीड हजारावर जातात.

तप्त तारेचे सेन्सरही मिळतात. तार नाजूक असते, स्वच्छ ठेवावी लागते, आणि दोन्ही दिशांच्या हवेने ती सारखीच थंड होत असल्याने दिशा ओळखायला वेगळी सोय करावी लागते. तुमच्या यादीत ते नाहीत, त्यांच्यात शिरत नाही.

'कॅलिब्रेशन लागत नाही' याबद्दल मात्र ठामपणे सांगते. त्या विक्रेत्याचं अर्धं वाक्य खरं आहे. कॅलिब्रेशन म्हणजे मशीनचा गुणांक, म्हणजे मोजलेल्या आकड्याला ज्याने गुणायचं तो, बदलणं. काही मशीनमध्ये तो तुम्हाला बदलता येत नाही, बदलायची गरजही क्वचित पडते. पण तपासणी वेगळी. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी यांच्या २०१९ च्या मानकांनुसार ३ लिटरच्या सिरिंजने रोज तपासणी करायची, मशीन कोणत्याही तत्त्वावरचं असो. कमीत कमी तीन वेगांनी: सावकाश, मध्यम, जोरात, म्हणजे ३ लिटर ढकलायला सुमारे सहा सेकंदांपासून अर्ध्या सेकंदापर्यंत. प्रत्येक वेळी आकडा २.९१ ते ३.०९ लिटरच्या आत हवा. एकाच वेगाने तीनदा ढकललं तर काहीच कळत नाही. टर्बाइनचा दोष सावकाश ढकलण्यात उघडा पडतो, इतरांचा बरेचदा जोरात. आणि फिल्टर वापरणार असाल तर फिल्टर लावूनच तपासा.

म्हणून माझा पहिला सल्ला: मशीनच्या आधी सिरिंजचे पैसे बाजूला काढा. अनेक दवाखान्यांत मशीन असतं, सिरिंज नसते. सिरिंज मशीनशेजारीच ठेवायची, म्हणजे दोघांचं तापमान एक राहतं. ढकलताना नळकांडं हातात कवटाळून धरायचं नाही, हाताच्या उबेने आतली हवा फुगते. महिन्यातून एकदा तोंड बंद करून दाबून बघा, गळत नाही ना.

याच ओघात पंख्याबद्दल, कारण मुंबईत ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. न्यूमोटॅक असो की अल्ट्रासॉनिक, प्रत्येक फुंकण्याआधी मशीन शून्य घेतं, म्हणजे 'आता हवा हलत नाहीये' असं गृहीत धरतं. वर पंखा गरगरतोय, किंवा पेशंटने तोंड लावून श्वास घ्यायला सुरुवातही केलीय, तर ते शून्य खोटं. मग आकारमान आणि वेळेच्या आलेखाची रेघ शेवटी सपाट होण्याऐवजी सरळ वर चढत राहते, पाच फूट उंचीच्या बाईंची एफव्हीसी साडेपाच लिटर येते. किंवा रेघ खाली झुकते. म्हणून शून्य घेताना नळीच्या तोंडावर तळहात आडवा धरायचा, न टेकता, किंवा कंपनीने दिलेलं टोपण लावायचं. आणि मशीन असंच घ्या जे आकारमान-वेळ आणि प्रवाह-आकारमान हे दोन्ही आलेख फुंकताना दाखवतं, प्रत्येक प्रयत्न साठवतं. नुसता 'सर्वोत्तम आकडा' दाखवणाऱ्या मशीनमध्ये ही चूक पकडायला काही उरतच नाही.

तापमानाचंही असंच. फुफ्फुसातली हवा ३७ अंशांची, बाहेर येऊन थंड झाली की आकसते, म्हणून मशीन आकडा वाढवून देतं. खोलीच्या तापमानापर्यंत थंड झालेल्या हवेला २० अंशांना साधारण १.१० ने गुणावं लागतं, ३० अंशांना १.०४५ ने. प्रत्येक सेन्सर हे थोडं आपापल्या रीतीने हाताळतो, पण फरकाचा अंदाज यावरून येतो: ३ लिटरच्या एफव्हीसीत सुमारे १६० मिलिलिटर. दोन चांगल्या प्रयत्नांत आपण फरकच मुळी १५० पर्यंत चालवून घेतो. तेव्हा तापमान मशीन स्वतः मोजतं की हाताने भरावं लागतं, हे विचारा. हाताने भरायचं असेल तर तुर्भ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये दवाखान्यातलेच २४ अंश राहून जातील.

क्षयाबद्दल तुम्हाला मी शिकवायला नको, पण मशीनच्या निवडीशी त्याचा संबंध आहे. खोकला पंधरा दिवसांहून जुना असेल तर आमच्याकडे आधी थुंकी आणि एक्स-रे, मग फुंकणं. तरीही प्रत्येकाला नवा जीवाणू-विषाणू फिल्टर लावतो. फिल्टरने अडथळा वाढतो. फिल्टरसकट एकूण अडथळा प्रति लिटर प्रति सेकंद १.५ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाहून कमी हवा, तोही सेकंदाला १४ लिटर प्रवाहापर्यंत. विक्रेत्याकडे आयएसओ २६७८२ चं प्रमाणपत्र मागा आणि ती चाचणी फिल्टर लावून केली होती का, ते विचारा. काही ठिकाणी फिल्टर वाचवायला एकमार्गी झडपेचं माउथपीस देतात. पेशंटला त्यातून हवा आत ओढता येत नाही, त्यामुळे संसर्ग टळतो, पण श्वास घेतानाचा आलेख, म्हणजे प्रवाह-आकारमान आलेखाचा खालचा अर्धा भागही मिळत नाही. व्हेंटिलेटरवरून उतरलेल्या पेशंटची श्वासनलिका आकसलेली असेल, किंवा गलगंडाचा दाब असेल, तर ते बहुधा त्या खालच्या अर्ध्या आलेखातच दिसतं. छातीच्या डॉक्टरने तो सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्या दवाखान्याचं. पाच-सहा पेशंट, स्वतंत्र टेक्निशियन नाही, बहुधा रिसेप्शनवरची मुलगीच शिकून करणार, एसी कधी चालू कधी बंद, आणि महिन्यातून दोनदा प्रवास. या परिस्थितीत मी अल्ट्रासॉनिक घेईन, नळ्यांचा पुरवठा लेखी पक्का करून. एवढं बजेट नसेल तर चांगलं टर्बाइन घ्या, दोन्ही दिशांचा प्रवाह मोजणारं, सिरिंजसकट. सावकाश ढकलण्याची तपासणी रोज करा आणि पातं कंपनीच्या सूचनेप्रमाणे धुवा. सिरिंजशिवायच्या महागड्या मशीनपेक्षा सिरिंजसह साधं टर्बाइन मी कधीही पत्करेन. न्यूमोटॅक तुमच्यासाठी शेवटचा. पुढे पूर्ण लॅब टाकाल तेव्हा त्याचा विचार करा. हाताखाली अनुभवी टेक्निशियन असेल, किंवा मशीन दवाखान्यातच राहणार असेल, तर माझं उत्तर बदलेल.

कारखान्यासाठी दुसरं मशीन घ्यायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा. निरोगी माणसाचा एफईव्ही१ वर्षाला २५-३० मिलिलिटरने उतरतो. कामगारांच्या तपासणीत आपण हीच उतरण बघत असतो. यंदा एका मशीनवर आणि पुढच्या वर्षी दुसऱ्यावर मोजलं तर मशीनमधला फरकच या उतरणीला गिळून टाकेल. त्या कामगारांना दरवर्षी तेच मशीन द्या, बदलणं भाग पडलं तर तारखेसकट नोंद ठेवा. जाताना सिरिंज सोबत न्या. ऐरोलीच्या पुलावरून एसी गाडीतून गेलात तर पोचल्या पोचल्या पेटी उघडून सुरू करू नका. थंड मशीन शेडच्या दमट हवेत उघडलं की चष्म्यावर येते तशी वाफ सेन्सरवर धरते. पेटी उघडून अर्धा-पाऊण तास ठेवा, तोवर कामगारांची उंची मोजून घ्या. बूट काढून, सांगतील तो आकडा न लिहिता.

डेमोसाठी विक्रेत्याला सांगा, मशीन दोन दिवस ठेवून जा. सिरिंज एखाद्या लॅबकडून उसनी आणा. फिल्टर लावून तिन्ही वेगांनी ढकला, मग चौथ्यांदा मुद्दाम बारा सेकंद लावून ढकला. हे मानकात नाही, पण सीओपीडीच्या पेशंटची शेवटची झिरपणारी हवा मशीन मोजेल का, हे त्यातून कळतं. नंतर तुम्ही स्वतः मधे विश्रांती घेत दहा वेळा फुंका. आकडा हळूहळू वर सरकत गेला तर ओल धरतेय. पंखा चालू ठेवून एकदा शून्य घ्या, आलेख कसा वाकडा होतो ते बघून ठेवा, आणि जी मुलगी हे काम करणार आहे तिलाही दाखवा. तिने ती वाकडी रेघ एकदा पाहिली की पुढे ती तुमच्या आधी चूक पकडेल.

राहिलं पीक फ्लो मीटर. स्पायरोमीटरच्या जागी ते चालणार नाही. ते फक्त फुंकण्याचा सर्वोच्च वेग सांगतं, आणि तो बराचसा पेशंटच्या जोरावर अवलंबून असतो. एफव्हीसी नाही, गुणोत्तर नाही. पण कामामुळे होणाऱ्या दम्याचा संशय असेल तर ते फार उपयोगी पडतं. दिवसातून निदान चार वेळा, प्रत्येक वेळी तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा, दोन ते चार आठवडे, कामाचे आणि सुट्टीचे दोन्ही दिवस. मीटर त्याच माणसाला तोच राहू द्या, कारण दोन मीटरचे आकडे जुळतीलच असं नाही, आणि जुन्या-नव्या मीटरच्या पट्ट्याही वेगळ्या असतात.

मुंबईत यात एक अडचण येते. पावाच्या भट्टीवर किंवा छोट्या कारखान्यात काम करणारी बरीच माणसं तिथेच माळ्यावर झोपतात. रविवारीही तीच हवा, मग सुट्टीचा आकडा आणायचा कुठून? भट्टीवरच्या एका मुलाच्या वहीत आम्हाला महिनाभर काहीच फरक दिसत नव्हता, रोज मिनिटाला २९० ते ३२० लिटर. तो गणपतीला रत्नागिरीला जाणार होता, म्हणून मीटर आणि वही त्याच्याबरोबर दिली. चौथ्या दिवसापासून आकडे चढायला लागले, विसर्जनापर्यंत ४१० ला गेले, आणि परत भट्टीवर आल्यावर आठवड्यात पुन्हा खाली. तुमच्याकडे असा कामगार आला तर त्याला पहिल्यांदा हे विचारा की तो झोपतो कुठे, आणि गावी कधी जाणार आहे.